वाचलं की पुसतं

सांगली, रविवार

प्रिय,

तुझ्या शिल्पाचे फोटो पाहिले. वेल्डिंग स्वच्छ आहे, हात बसलाय तुझा. पण सर्किट बोर्ड दहापट मोठा केला म्हणजे स्मृतीचं शिल्प झालं, हे मला पटत नाही. तुझ्या वयात मीही तेच केलं होतं. शेजारच्या काकांनी विचारलं, "कॉम्प्युटरचं दुकान काढतोयस काय रे?"

यंत्र दिसतं कसं ते सोड, वागतं कसं ते बघ. तू फेराइटच्या, म्हणजे चुंबकी पदार्थाच्या, कड्या नुसत्या चिकटवल्यास. १९६०च्या आसपास संगणकाची स्मृती अशाच, मण्याएवढ्या कड्यांत असायची, मुंबईच्या टिफरॅक या संगणकातही. कडीचं चुंबकत्व कुठल्या दिशेला, त्यावर शून्य की एक ते ठरायचं. वाचायचं असेल तर कडी शून्याकडे ढकलायची. तिने कूस बदलली, तर आतून ओवलेल्या तारेत विजेचा बारीक ठोका यायचा, म्हणजे तिथे एक होता. होता, आता नाही. म्हणून यंत्र तो लगेच परत लिहून ठेवायचं. आपलं आठवणं तरी वेगळं काय आहे? २०१९च्या पुराचं पाणी आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या सांगण्यात दरवर्षी वीतभर चढतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची नोंद बिचारी ५७ फुटांवरच.

त्याआधीची तऱ्हा तर मला जास्त आवडते. १९४९ साली केंब्रिजच्या एडसॅक या संगणकात स्मृतीसाठी सुमारे पाच फुटी नळ्यांत पारा भरलेला होता. एका टोकाने ध्वनीचे ठोके सोडायचे, साधारण मिलिसेकंदाने दुसऱ्या टोकाला पकडायचे, जोर देऊन पुन्हा पहिल्या टोकाला. फेरा थांबला की सगळं विसरलं.

पारा तू हातात घेऊ नकोस, विषारी असतो. मिरजेला सतारमेकरांकडे जाऊन बस. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा झणकार, कशी उघडते ते ऐक. तार छेडायची थांबलीस की सूर किती वेळ टिकतो, ते घड्याळ लावून मोज. चार-पाच जाडीच्या तारा मागून आण, भाव करू नकोस.

दिवाळीनंतर ये. कड्या आण, तारा आण, मोजलेले आकडे वहीत लिहून आण. बोर्ड तिकडेच राहू दे.

— सर