खांबापाशी पहिली तू

पत्र : मावशी, मी १३ वर्षांची आहे, बडोद्याच्या रावपुऱ्यात राहते. उन्हाळी शिबिरात मल्लखांब शिकते. चढायचा माझा नंबर आला की पोटात गोळा येतो, तळहातांना घाम सुटतो आणि खांबाच्या टोकाच्या बोंडापर्यंत पोचायच्या आतच मी घसरून खाली येते. खांबाला एरंडेल जास्त लावतात बहुतेक. मुलं हसतात. मी छोट्यांना आधी जाऊ देते, त्यामुळे माझा नंबर शेवटी लागतो. सगळे घरी गेल्यावर सर पुन्हा करून घेतात, तेव्हा मात्र अढी (पायांनी खांबाला घातलेली पकड), दसरंग असे सगळे प्रकार जमतात. रविवारी समारोप आहे, आई-बाबा आणि आजोबा येणार आहेत. शिबिर सोडून देऊ का? — घाबरट

उत्तर : बाळ, एरंडेलाचं आधी मिटवू या. अंग खांबावर घासून सोलवटू नये म्हणून ते लावतात, आणि तुझ्या आधी चढणाऱ्या मुलीलाही तेच तेल असतं. हसणाऱ्या पोरांचंही मला काही विशेष वाटत नाही.

मी अडखळले ते एका वेगळ्याच वाक्यावर. 'मी छोट्यांना आधी जाऊ देते.' तू ते सहज लिहून पुढे गेलीस. पोरी, हा चांगुलपणा नाही. तू लपतेस त्यांच्या मागे.

बॅचमध्ये २० मुलं धर. एकेकाला दोन मिनिटं म्हटली तरी जवळजवळ ४० मिनिटं तू भिंतीला टेकून उभी. वॉर्म-अपने तापलेलं अंग तोवर निवून जातं, मांड्या आखडतात. आणि अढी टिकते ती मांड्यांच्या जोरावर, हे तुला मी काय सांगू! शिवाय डोळे खांबावरच. कुणी सटकलं की मनातल्या मनात तूही सटकतेस. तुझा नंबर येतो तोवर तू १०-१२ वेळा पडून झालेली असतेस. खांब जमिनीपासून जेमतेम साडेआठ-नऊ फूट, पण इतका वेळ खालून बघत राहिलं की तो वाढतच जातो.

सगळे गेल्यावर जमतं, कारण बघायला कुणी नसतं, असं तुला वाटत असेल. मला नाही तसं वाटत. तेव्हा रांग नसते. नुकतीच पडलेली असतेस आणि लगेच चढतेस, मध्ये घाबरायला सवडच मिळत नाही.

आपल्या बडोद्यात, दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात व्यायामगुरू माणिकरावांनी मुलांच्या पिढ्या तयार केल्या. पहिल्या दिवशी त्यातल्या किती जणांचे तळहात घामाने भिजले असतील! आजोबा कधी आखाड्यात गेले असतील तर त्यांना आज रात्री विचार, पहिल्यांदा खांबाला हात लावला तेव्हा काय झालं होतं.

शिबिर सोडायचं नाही. उद्या सकाळी वॉर्म-अप संपला रे संपला की कुणाकडेही न बघता खांबापाशी जाऊन उभी राहा. पहिली. धडधडेल, धडधडू दे. कमरेला खोचलेल्या फडक्याने हात पूस, सलामी दे आणि चढ. घसरलीस तर भिंतीकडे परतू नकोस, तिथूनच सरांना म्हण, 'सर, अजून एकदा.' शनिवारपर्यंत रोज हेच. आणि रविवारी पहिलं नाव तुझंच घ्यायला सांग त्यांना.

छोट्यांना वाट द्यायचीच असेल तर नंतर माठापाशी दे. तिथे खुशाल शेवटी उभी राहा.