संघात जागा मागताना

प्रवासाला निघणाऱ्या संघात जागा हवी असेल, तर अर्जात फिरलेल्या गावांची यादी देऊ नकोस, ती सगळेच देतात. संघाला ऐनवेळी निर्णय घेणारा माणूस हवा असतो. म्हणून एकच प्रवास निवड आणि नीट उलगडून लिही. समजा, नांदेडहून निघालास आणि परभणीला परळीची गाडी चुकली. मग थांबलास की एसटी धरलीस? का? पैसे किती गेले, वेळ किती? अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, हे धरून आखणी केली असशील तर तेही सांग. अनुभव असल्या बारकाव्यांतच दिसतो. भर उन्हात पायी चालवत नसेल तर लपवू नकोस. आणि बाबा, सुट्टी मंजूर झाल्याशिवाय अर्ज पाठवूच नकोस. तुझ्यापायी बाकीचे अडकतात.