घरच्या जुन्या मारुती ८०० पासून स्पोर्ट्स कार बांधता येईल का?

तुम्ही विचारलंय की लातूर जिल्ह्यात गावी दारात एक जुनी पण चालू ८०० उभी आहे, तुमचं आयटीआयचं वेल्डिंग झालंय आणि त्या गाडीपासून इंजिन मागे असलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार बांधायची इच्छा आहे. जमेल का, खर्च किती येईल आणि आरटीओ पास करेल का?

जमेल. पण आरटीओ पास करणार नाही, म्हणजे ती रस्त्यावर चालवता येणार नाही. हे दुसरं उत्तर मनाला पूर्ण पटल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नका.

मी वाळूज एमआयडीसीत जिग-फिक्श्चरचं, म्हणजे काम करताना सुटे भाग जागेवर पक्के धरणाऱ्या साच्यांचं, छोटं वर्कशॉप चालवतो. भाच्याला सोबत घेऊन अशीच एक गाडी उभी केली आहे आणि ती आमच्या बिडकीनकडच्या शेतात पळते. त्यामुळे पुढचं सगळं हाताखालून गेलेलं आहे.

आधी कायद्याचं उरकून घेतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. त्यात अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. बदल न म्हणता नवीनच गाडी म्हणून नोंदवू म्हटलं, तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२६ आडवा येतो. नव्या गाडीचा नमुना पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा ठरवून दिलेल्या संस्थांकडून तपासून घ्यावा लागतो. दोन्ही ठिकाणं आपल्याला जवळ आहेत, पण त्या चाचण्या हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीच्या खिशाला झेपणाऱ्या आहेत. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिरानं भंगारातून किकवर चालू होणारी छोटी जीप बांधली होती. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं मनापासून कौतुक केलं आणि त्याच दमात लिहिलं की नियमात बसत नाही म्हणून ती आज ना उद्या थांबवली जाईल. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि पुढच्या महिन्यात दिलीही.

काही जण सुचवतील, जुन्या ८०० ची नंबर प्लेट आणि चेसिस नंबर नव्या गाडीला लावून टाक, कोण बघतंय. असलं अजिबात करू नका. गावच्या रस्त्यावर एखादं लेकरू आडवं आलं, तर त्या गाडीमागे कोणतीही विमा कंपनी उभी राहणार नाही. जुनी ८०० मोडीत काढली की १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवा आणि आरसी जमा करा, कलम ५५ तेच सांगतं. तुमची नवी गाडी शेतात, बंदिस्त मैदानात किंवा ट्रॅकवर चालवा. तिथपर्यंत छोट्या हत्तीवर टाकून न्या.

आता खरं काम. ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, आडवं बसवलेलं. गिअरबॉक्स त्याला लागूनच आणि ताकद पुढच्या चाकांना. हा अख्खा संच उचलून सीटच्या मागे ठेवायचा, ही कल्पना जुनी आणि खात्रीची आहे. फियाटची १९७२ ची एक्स१/९ अशीच झाली. फियाट १२८ या साध्या घरगुती गाडीचा पुढचा संच त्यांनी दोन सीटच्या मागे नेला. आपल्याकडे कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी तर हेच ८०० चं इंजिन घेऊन एका सीटची रेसिंग गाडी बांधली. ती फॉर्म्युला मारुती म्हणून ओळखली जायची. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, सुरुवातीला त्या गाड्या पळवायचा. तेव्हा ‘८०० ची कसली स्पोर्ट्स कार’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. हिशेब करून बघा. ६५० किलोच्या ८०० मध्ये ३७ अश्वशक्ती, म्हणजे टनाला ५७. तेच इंजिन ४५० किलोच्या गाडीत बसलं की टनाला ८२ होते. पाच गिअरवाल्या ८०० चं ४५ अश्वशक्तीचं इंजिन मिळालं तर टनाला १००. जमिनीपासून वीतभर उंचीवर बसलेल्या माणसाला हे भरपूर होतं.

संच मागे नेताना त्याचं तोंड फिरवू नका. जागा नीट बसते म्हणून काही जण तो उलटा बसवतात आणि मग चाकं उलटी फिरतात. हाती येतात रिव्हर्सचे चार गिअर आणि पुढे जायला एकच. संच आहे त्याच दिशेनं मागे सरकवा. गिअरचा रॉड मात्र मूळ गाडीत इंजिनापासून मागे, ड्रायव्हरकडे येतो आणि आता ड्रायव्हर पुढे गेलेला असतो. त्यासाठी रॉडची चाल उलटवणारा जोड बनवावा लागेल. लेथवाल्याकडून तो पितळी बुश घालून करून घ्या. तिथे ढिलाई राहिली तर दुसरा गिअर सापडत नाही.

यात एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते, ती म्हणजे दीड गाडी लागते. पुढची चाकं, स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा उभा दांडा), हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) सगळं संचाबरोबर मागे गेलं, तर पुढे वळणारी चाकं कुठून आणणार? भंगारातल्या दुसऱ्या ८०० चा पुढचा भाग घ्यावा लागतो. तिथे इंजिन नसल्यामुळे ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा, काढून फेकायचा मोह होतो. शाफ्ट कापा, पण चाकाकडचा बाहेरचा जॉइंट हबमध्ये तसाच ठेवा आणि त्याचा नट पूर्ण आवळा. चाकाचं बेअरिंग त्याच जॉइंटच्या दाबावर धरलेलं असतं. तो काढला तर काही दिवसांत बेअरिंग मोकळं होईल आणि चाक डुलायला लागेल. पुढचं वजन बरंच कमी झालेलं असतं, म्हणून मूळ स्प्रिंगवर गाडीचं नाक वर राहतं. स्प्रिंग कापून काम भागवू नका, मऊ स्प्रिंग शोधा.

मागे आलेल्या चाकांना अजूनही वळायची सवय आहे, कारण त्यांच्या नकलला, म्हणजे हब धरणाऱ्या ओतीव तुकड्याला, स्टीअरिंगचा हात आहे. तो हात टाय रॉडनं चेसिसला बांधून टाकायचा, आणि तो रॉड खालच्या आर्मइतकाच (चाकाला खालून चेसिसशी जोडणाऱ्या दांड्याइतकाच) लांब आणि त्याच्याशी समांतर हवा. तसं नसेल तर चाक वर-खाली होताना आपोआप वळतं आणि वेगात गाडीची शेपटी हातातून जाते. स्टॅबिलायझर बारही सोबत न्या. ८०० मध्ये तो नुसता वळणावरचा झोल कमी करत नाही, खालच्या आर्मला पुढे-मागे धरून ठेवायचं कामही तोच करतो.

माझ्या मते या सगळ्या उद्योगाचा जीव मापात आहे. चाकाजवळचे चारही कोपरे कंपनीच्या इंजिनिअरांनी विचारपूर्वक ठरवलेले असतात. ते जसेच्या तसे उचला आणि फक्त मधला सांगाडा आपला बांधा. त्यासाठी गाडी उघडण्याआधी सपाट फरशीवर उभी करा. शेतातलं पत्र्याचं शेड चालणार नाही, कोबा केलेली जागा हवी. पाण्याच्या लेव्हल-पाइपनं चारही चाकांखालची पातळी तपासा आणि कमी पडेल तिथे पत्र्याच्या चकत्या घाला. मग स्ट्रटचा वरचा बोल्ट, खालच्या आर्मचा बोल्ट, स्टॅबिलायझरचे क्लॅम्प, स्टीअरिंग रॅकचे दोन्ही कान, इंजिनाचे माउंट अशा प्रत्येक बिंदूवरून ओळंबा सोडा आणि फरशीवर खूण करा. खडूची खूण पुसते, म्हणून पंच मारा किंवा रंग लावा. प्रत्येक खुणेपाशी फरशीपासूनची उंची लिहा. डाव्या-उजव्या खुणांचे कर्ण एकमेकांशी ताडून बघा. जुन्या गाडीनं कधी मार खाल्ला असेल, तर कर्णातला फरक इथेच दिसतो. तशी असेल तर मापं दुसऱ्या गाडीची घ्या. ८०० च्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २,१७५ मिलिमीटर आहे. तुमची मापं त्याच्याशी जुळली तर ओळंबा नीट चालला असं समजा. हे काम घाईचं नाही. मी यावर सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन आणि बॉडीच्या चित्रावर सर्वांत कमी.

सांगाड्याला २५ बाय २५ चा, १.६ मिलिमीटर जाडीचा स्क्वेअर पाइप पुरतो. मीटरला साधारण १.१८ किलो भरतो, म्हणजे ५० मीटर वापरला तरी ६० किलोच्या आत. मजबुती जाडीतून येत नाही, त्रिकोणांतून येते. कोणताही चौकोन तिरप्या पाइपाशिवाय सोडू नका, मुख्यतः स्ट्रटच्या वरच्या टोकापाशी, कारण चाकाचा सगळा मार तिथेच येतो. गाडी उलटली तर डोकं वाचवणारी डोक्यामागची कमान मात्र या पाइपात करायची नाही. कॉलेजच्या पोरांच्या बाहा एसएई इंडिया या गाडी बांधायच्या स्पर्धेत तिला २५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा, ३ मिलिमीटर जाडीचा गोल पाइप लागतो. तेच माप धरा आणि सीटबेल्टचे खालचे बोल्टही मुख्य पाइपालाच घ्या, पत्र्याला नाही.

वेल्डिंग तुम्हाला येतं, पण ट्रॉलीचं आणि याचं वेगळं. ट्रॉलीच्या चॅनलला चालणारा ३.१५ चा रॉड १.६ च्या पाइपाला भोकं पाडतो. मिग मशीन (रॉडऐवजी तार आपोआप पुढे सोडणारं) आणि ०.८ ची तार मिळवा, भाड्यानं मिळाली तरी चालेल. आधी सगळी फ्रेम नुसत्या टाक्यांवर, म्हणजे वेल्डच्या छोट्या ठिपक्यांवर, उभी करा, कर्ण मोजा आणि मगच पूर्ण वेल्ड करा, तेही एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात उड्या मारत. एकाच बाजूनं ओढत गेलात तर थंड होताना फ्रेम केळासारखी वाकते. स्टीअरिंगचा कॉलम, नकल, आर्म यांना वेल्डिंगचा ठिपकासुद्धा लागता कामा नये. कॉलमची दिशा बदलायची असेल तर युनिव्हर्सल जॉइंट घाला.

फ्रेम किती ताठ आहे ते घरीच मोजता येतं. मागची बाजू पक्की बांधा, पुढे मधोमध एक टेकू ठेवा, आडवी नळी बांधून मध्यापासून एक मीटरवर ५० किलोचं सिमेंटचं पोतं लटकवा आणि पुढचा भाग किती अंश पिळला ते बघा. अर्धा अंश पिळला तर ताठरपणा अंशाला साधारण ९८० न्यूटन-मीटर आला. मग एकेक तिरपा पाइप टाक्यावर लावून परत मोजा. कुठला पाइप कामाचा आहे आणि कुठला नुसतं वजन वाढवतोय ते लगेच कळतं. भाच्याला यातून जे समजलं ते पुस्तकातून समजलं नव्हतं.

आपल्या उन्हात कूलिंगचा विचार आधीच करून ठेवा. मे महिन्यात ४२ अंशाला मागे कोंडलेलं इंजिन लगेच तापतं. रेडिएटर नाकातच ठेवा, तिथून मागे दोन पाइप न्या आणि सर्वांत उंच जागी हवा काढायचा स्क्रू द्या, नाहीतर हवा अडकून पाणी फिरत नाही. पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून लांब ठेवा. पहिल्या गाडीला कार्ब्युरेटरवालं इंजिन घ्या, वायरिंगची निम्मी डोकेदुखी वाचते.

ब्रेकचे दोन सर्किट कंपनीनं दिलेत, ते दोनच ठेवा. पण आता वजन मागे गेलंय, त्यामुळे कुठल्या चाकांवर किती ब्रेक हवा ते बदलतं. मोकळ्या मातीवर हळू वेगात दाबून बघा. पुढची चाकं आधी घसरली पाहिजेत. मागची आधी अडकत असतील, तर ते दुरुस्त होईपर्यंत वेग वाढवायचा नाही.

बॉडी शेवटी. फायबरच्या मूर्ती करणारे कारागीर हे काम उत्तम करतात. फक्त उन्हाळ्यात त्यांना हार्डनर (फायबरचं रसायन घट्ट करणारा) कमी घालायला सांगा आणि थर सकाळी लवकर चढवा.

खर्चाचं म्हणाल तर दुसरी भंगारातली ८००, पाइप, मिगचं भाडं, बुश-बेअरिंग, ब्रेकचं सगळं नवं सामान, टायर आणि फायबर धरून, घरची गाडी सोडून, मी दीड ते दोन लाख रुपये हाताशी ठेवायला सांगेन. पैसे कमी पडले तर फायबर पुढच्या वर्षी करा, ब्रेक आणि कमानीत काटकसर नको.

तुमची ८०० अजून घरच्यांच्या वापरात असेल, दवाखाना-बाजाराला तीच जात असेल, तर ती कापू नका. त्याऐवजी जिचं रजिस्ट्रेशन संपत आलंय अशी दुसरी चालू गाडी घ्या. चालू हा शब्द सोडू नका. जी गाडी आधी स्वतःच्या चाकांवर नीट पळते, तिचाच संच मागे गेल्यावर पळेल, आणि काही बिघडलं तर बिघाड आपल्या कामात आहे की जुन्या इंजिनात, हे शोधत बसावं लागणार नाही.