सॉफ्ट हॅकल माशी ओळखायची कशी, आणि साताऱ्यात बसून बांधायची कशी?

मे महिन्यात हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट मासा धरायला निघालाय, जाण्याआधी चार सॉफ्ट हॅकल माश्या (म्हणजे गळावर पीस आणि दोरा बांधून केलेले नकली किडे) घरीच बांधायच्यात आणि साताऱ्यात सामान मिळेल का, असं विचारलंय. मीही साताऱ्याचाच. मिळतं. त्यातलं निम्मं तर चिकनच्या दुकानामागे पडलेलं असतं.

आधी ओळख. हॅकल म्हणजे गळाच्या डोळ्यामागे (दोरी बांधायच्या भोकामागे) गुंडाळलेलं पीस. कोंबड्याचं पीस चमकदार आणि ताठ असतं, ओठावर फिरवलं तर टोचतं. त्याची माशी पाण्यावर तरंगते. कोंबडीचं किंवा तित्तराचं पीस मऊ असतं, पाणी पितं, आणि त्याची माशी पृष्ठभागाखाली राहते. ही सॉफ्ट हॅकल. शेपूट नाही, पंख नाहीत, बारीक अंग आणि पुढे पिसाचे मोजके केस. शंका आली तर ग्लासभर पाण्यात बुडवून वरखाली करा. केस मिटले-उघडले तर माशी खरी. वर येऊन पंख उघडू पाहणारा किडा असाच हलतो, ट्राउट त्यालाच फसते.

नावांना घाबरू नका, बहुतेक नावात कृतीच असते. 'पार्ट्रिज अँड ऑरेंज' म्हणजे तित्तराचं पीस आणि नारिंगी रेशीम. या धाटणीच्या माश्या उत्तर इंग्लंडातल्या, यॉर्कशरच्या नद्यांवरच्या. आपल्याकडे मात्र तित्तर मारणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा कुणी आणून देतो म्हणाला तरी घेऊ नका. ठिपक्यांच्या तपकिरी गावरान कोंबडीच्या मानेची पिसं घ्या, डोक्याजवळची लहान. ब्रॉयलरची नकोत. साबणाने धुऊन सावलीत वाळवायची आणि डब्यात डांबराची गोळी टाकून ठेवायची. (आमच्या घरी हा डबा स्वयंपाकघराबाहेर ठेवायचा हुकूम आहे.)

आरी वर्कच्या दुकानात 'सिल्क थ्रेड' म्हणून मिळतो तो बऱ्याचदा रेयॉन असतो. सरावाला चालतो. खरं रेशीम मिळालं तर उत्तम, भिजल्यावर त्याचा नारिंगी रंग गडद होत तपकिरीकडे झुकतो. गळ १४ नंबरचा, तो ऑनलाइनच मागवावा लागेल. गळ धरायला छोटा हँड वाइस, म्हणजे हातातला शिकंजा, पुरतो.

डोळ्यामागे किंचित जागा सोडून दोरा सुरू करा, वेढ्याला वेढा चिकटवत गळाच्या वाकापर्यंत जा आणि परत या. अंग झालं. आता पिसाच्या बुडाची लव काढा, शेंड्याकडचे दोन-तीन केस सोडून बाकीचे मागे सारा, शेंडा डोळ्यामागे बांधा. केस गळाच्या वाकापर्यंत पोचतील एवढंच लांब पीस निवडा. मग बूड धरून दोन वेढे. दोनच. गावरान पीस दाट असतं, म्हणून मी आधी त्याची एक बाजू सोलून टाकतो. दोऱ्याने आवळा, उरलेलं कापा, तीन-चार गाठी मारा, गाठीवर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब.

हे 'दोनच' मी पैसे मोजून शिकलोय. पहिल्या खेपेला मी प्रत्येक माशीला पाच-सहा वेढे दिले होते, भरगच्च दिसल्या की बरं वाटायचं. तीर्थनच्या काठावर गाइडने एक उचलली, फुंकर मारून पाहिली आणि म्हणाला, हा तर झाडू आहे. नेलकटरने केस उडवत गेला, सातआठ राहिले तेव्हा थांबला. त्याच माशीला दुपारी वीतभर ब्राउन ट्राउट लागली. सोडून दिली.

अंगाला जाडी हवी असेल तर रेशमावर मोरपिसाचे दोन तंतू गुंडाळा. मोरपीस आपसूक झडलेलंच घ्या.

कृष्णेत ट्राउट नाही, तिला थंड पाणी लागतं. पण माशी वाहत्या पाण्यात कशी वागते ते इथेही कळतं. मी संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या धारेत दोऱ्याला बांधून सोडतो आणि पाहतो. तिकडे गेल्यावर प्रवाहाला आडवी, जराशी खालच्या अंगाला फेका, दोरी ताणलेली ठेवा आणि माशीला आपोआप काठाकडे वळू द्या. वळण संपताना ती वर उचलली जाते, बहुतेक झटका तिथेच बसतो. तेव्हा हिसका देऊ नका, नुसती गळाची काठी उचला. आणि पाण्यात उतरण्याआधी मत्स्य विभागाचा परवाना काढा.