नवऱ्याची सही लागते का?

प्रश्न : मला सातवा आठवडा चालू आहे. पहिलं मूल दीड वर्षाचं, एवढ्यात दुसरं नको आहे. दवाखान्यात ‘मिस्टरांची सही आणा’ म्हणाले. ते बोटीवर असतात. सही लागतेच का? – वाचक, कोथरूड

उत्तर : नाही. १९७१चा वैद्यकीय गर्भपात कायदा फक्त बाईची संमती मागतो. फॉर्म ‘सी’वर तुमचीच सही. वय अठराच्या आत असेल किंवा मानसिक आजार असेल, तरच पालकाची.

मग मागतात कशाला? भीतीपोटी. १८६०च्या दंडसंहितेपासून गर्भपात हा गुन्हा आहे, आता न्याय संहितेच्या कलम ८८खाली. १९७१च्या कायद्यानं त्यातून डॉक्टरला वाट काढून दिली. बाईचा हक्क म्हणून तो लिहिलाच गेला नाही. उद्या सासरच्यांनी तक्रार केली तर कागद हाताशी असावा, एवढाच हिशेब. गर्भनिरोधक फसल्याचं कारणही मूळ कायद्यात फक्त विवाहितेला देता येई. २०२१च्या दुरुस्तीत ‘पती’ जाऊन ‘जोडीदार’ आला, आणि २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २० ते २४ आठवड्यांत गर्भपात करण्याची मुभा अविवाहितेलाही दिली.

‘सही नाही म्हणून नाकारलं’ असं केसपेपरवर लिहून मागा. बहुधा तिथंच सूर बदलतो. नाहीच बदलला तर सरकारी रुग्णालय गाठा, किंवा भिंतीवर मान्यतेचं प्रमाणपत्र लावलेलं दुसरं खासगी. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. संबंधाच्या तारखेपासून मोजलं की दोन आठवडे चुकतात. तुमचं नाव बाहेर फोडणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. (गुप्ततेची ही गरज पुण्याला नवी नाही. फुले दांपत्यानं १८६३मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते विधवांना गुपचूप बाळंत होता यावं म्हणूनच.)

प्रश्न : मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणल्या तर? – वाचक, हडपसर

उत्तर : नका आणू. गोळ्या चांगल्याच आहेत : नऊ आठवड्यांपर्यंत मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅम, मग २४ ते ४८ तासांनी मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम. घात होतो तो आधी न तपासल्यानं. गर्भ पिशवीऐवजी नळीत असेल तर या गोळ्या त्याला लागू पडत नाहीत. अंगावरून जातं, बाईला वाटतं मोकळी झाले, आणि नळी फुटते. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर रक्तस्राव झेपत नाही. सलग दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजली तर रात्र असो की दिवस, तडक दवाखान्यात. आणि सगळं ठीक वाटलं तरी पंधराव्या दिवशी दाखवायचंच, कारण आत तुकडा राहिला तर ताप यायला वेळ लागत नाही.