पहिल्या पगारातून दशमांश द्यावा का, असे विचारणाऱ्या नव्या सभासदास

प्रिय बंधू, ख्रिस्तात सलाम.

पगाराचा दहावा भाग एकूण रकमेवर काढावा की कपातीनंतर हाती येणाऱ्या रकमेवर, हा तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे. पण बायबलमधील मत्तय 23:23 मध्ये पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशमांश मोजून देणाऱ्या आणि न्याय, दया व विश्वास मात्र सोडून देणाऱ्या शास्त्र्यांना व परूश्यांना (त्या काळच्या यहूदी धर्मपुढाऱ्यांना) प्रभूने काय सुनावले, ते हिशोबाला बसण्यापूर्वी एकदा वाचावे. दशमांश सोडावा असे त्याने म्हटले नाही, हेही तिथेच दिसेल.

मार्क 12 मधील विधवेने दोन टोल्या (अगदी कमी किमतीची नाणी) दानपेटीत टाकल्या, तेव्हा श्रीमंतांच्या मोठ्या रकमांशेजारी प्रभूने तिचे दान अधिक मानले, कारण दिलेली रक्कम नव्हे तर देणाऱ्याच्या हाती उरलेली रक्कम त्याने पाहिली. मिझोराममधील प्रेस्बिटेरियन स्त्रिया 1910 पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी (चर्चसाठी) बाजूला काढत आल्या आहेत, आणि माझ्या मते रोजच्या त्या मुठीत प्रार्थनेइतकीच शिस्त आहे, कारण घरातले पोट भरण्याआधी देवाची आठवण होते.

म्हणून पगार होताच प्रथम अर्पण बाजूला ठेवा, उरल्यासुरल्यातून देऊ नका. कर्ज काढून मात्र मुळीच देऊ नये. दिल्याने दुप्पट मिळेल असे सांगणाऱ्या उपदेशकापासून सावध राहा (तो सौदा झाला, अर्पण नव्हे), आणि मंडळीचा वार्षिक हिशोब मागण्यात संकोच बाळगू नका. भावाशी अबोला असेल, तर मत्तय 5:24 प्रमाणे अर्पणाचे पाकीट वेदीपुढेच ठेवून आधी त्याच्याकडे जा.