आयआयटीत जाऊन ‘आर्ट्स’ शिकायचं का?

पत्र: माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. गणितात पहिल्यापासून चांगली, पण इंजिनिअरिंगला जायचं नाही म्हणते. तिला समाजशास्त्र, भाषा, संवादमाध्यमं असं काही शिकायचंय आणि तेही आयआयटीसारख्या टेक्नॉलॉजीच्या संस्थेत. मी बार्शीत कृषी सेवा केंद्र चालवतो. नातेवाईक म्हणतात, आयआयटीत जायचं आणि आर्ट्स करायचं, हे कसलं खूळ? तिथं तिला कोण विचारणार आणि पुढं नोकरी कोण देणार? तिनं कॉलेजच्या अंकात लिहिलेला एक लेख सोबत पाठवतोय. – एक पालक

नमस्कार,

मुलीचा लेख आधी वाचला, पत्र नंतर. बाजार समितीतल्या हमालांशी तिनं सकाळी बोलून घेतलं आणि तेच प्रश्न दिवस संपताना पुन्हा विचारले. सकाळी ‘काही त्रास नाही’ म्हणणारा माणूस संध्याकाळी कंबरेवर हात ठेवून बोलतो, हे तिनं टिपलंय. पोतं 50 किलोच्या वर नको, ही मागणी का आहे हे तिनं त्यांच्याच तोंडून लिहिलंय. आणि शेवटी एक छोटा तक्ता केलाय : एका पोत्यामागे अडत किती, तोलाई किती, हमाली किती. माणसाचं ऐकून घेणं आणि लगेच हिशोबही मांडणं, या दोन्ही गोष्टी एका मुलीत सहसा सापडत नाहीत. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, जाऊ द्या’ असं आहे. फक्त वाट कोणती, हे नीट पाहावं लागेल.

नातेवाइकांना एवढं सांगा, की अमेरिकेतल्या एमआयटीत इंजिनिअर होणाऱ्या प्रत्येक मुलालाही मानव्यविद्या (भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय), कला आणि सामाजिक शास्त्रांचे 8 विषय घ्यावेच लागतात. त्याशिवाय पदवी मिळत नाही. आपल्या आयआयटींमध्येही मानव्यविद्येचे विभाग आहेत. आणि लांब कशाला, कॉम्प्युटरवर मराठी टाइप करताना वर्षानुवर्षं ज्याच्याशी आपली गाठ पडली तो ‘मंगल’ फाँट र. कृ. जोशींनी घडवला. जे. जे. मध्ये शिकलेला, जाहिरात क्षेत्रात काम केलेला, कविता लिहिणारा हा अक्षरांचा माणूस पवईच्या आयआयटीत आयडीसी या डिझाइनच्या विभागात शिकवत होता. त्याच आयआयटीत मराठी वर्डनेटचं काम झालं. शब्दांचे अर्थ आणि त्यांचे परस्परसंबंध कॉम्प्युटरला वापरता येतील असे नोंदवायचे, तर तिथं प्रोग्रामिंगवाल्यांच्या शेजारी भाषेचा जाणकार बसलेला लागतोच.

हे काम नेमकं काय असतं, ते तुमच्या दुकानाजवळचंच उदाहरण घेऊन सांगतो. समजा, एखाद्या शेतीच्या ॲपसाठी सर्व्हे करायला मुलं टॅब घेऊन गावात गेली. बाईला विचारलं, ‘तुम्ही काम करता का?’ ती म्हणते, ‘नाही, घरीच असते.’ मुलगा ‘नाही’वर बोट ठेवतो आणि पुढच्या घरी जातो. ती बाई पहाटे दोन म्हशींची धार काढते, दुपारभर खुरपायला रानात असते, हे त्या टॅबमध्ये कुठंच येत नाही. मग त्या माहितीवर पुण्यातला किंवा बेंगळुरूमधला इंजिनिअर ॲप बांधतो, ते फक्त पुरुषाच्या मोबाइलवर जातं, आणि वापर का होत नाही म्हणून सगळे डोकं खाजवतात. कोडमध्ये चूक नसते, प्रश्न विचारण्यात असते. ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं ते सांगा’ असं विचारलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं. असा प्रश्न घडवायला शिकवतं ते समाजशास्त्र. तुमची लेक ते अर्धं शिकूनच बसलीय.

आता वाटा. इथं जुनी माहिती फार फिरते, म्हणून जरा सविस्तर.

मद्रास आयआयटीत 2006 पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा एम. ए. होता, त्याला एचएसईई ही वेगळी परीक्षा होती. कुणी आजही त्या परीक्षेची तयारी सुचवली तर ऐकू नका, ती बंद झालीय. आता तिथं दोन वर्षांचा एम. ए. आहे, म्हणजे आधी पदवी आणि मग ‘गेट’ ही पदवीनंतरची प्रवेश परीक्षा. गेटमध्ये 2021 पासून मानव्यविद्येचा स्वतंत्र पेपर आहे. 100 पैकी 15 गुण सामान्य अभियोग्यतेला, 25 तर्क आणि आकलनाला, उरलेले 60 आपण निवडलेल्या विषयाला : अर्थशास्त्र, इंग्रजी, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र. गांधीनगर आयआयटीत ‘सोसायटी अँड कल्चर’चा एम. ए. आहे, तोही पदवीनंतरच. या वाटेनं जायचं तर बारावीनंतर चांगल्या कॉलेजात बी. ए., आणि त्यात अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र असावं. संख्याशास्त्र जमेल तिथं घ्यायला लावा. सायन्स सोडलं म्हणून गणितही सोडायचं, ही घाई बरीच मुलं करतात आणि पुढं आकडे समोर आले की अडतात.

बारावीनंतर लगेचच जायचं असेल तर हैदराबादची ट्रिपल आयटी ही माहिती तंत्रज्ञानाची संस्था पाहा. तिथं कॉम्प्युटर सायन्सच्या बी. टेक.ला जोडून संगणकीय भाषाशास्त्रात (कॉम्प्युटरला माणसाची भाषा हाताळायला शिकवण्याचं शास्त्र) किंवा ‘कॉम्प्युटिंग अँड ह्युमन सायन्सेस’मध्ये एम. एस. अशी पाच वर्षांची दुहेरी पदवी आहे. प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेतून आणि मुलाखतीतून होतो. मला तिच्यासाठी हीच वाट सगळ्यात योग्य वाटते. पण एक अट आहे : तिथं प्रोग्रामिंगही पूर्ण करावं लागतं. तिला कोडिंगचा मनापासून कंटाळा असेल तर भाषेच्या ओढीनं ती तिथं अडकेल आणि पाच वर्षं फार लांब वाटतील.

तिसरी वाट डिझाइनची. पवईच्या आयडीसीत बी. डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदवीला, यूसीड परीक्षेतून प्रवेश मिळतो. कोणत्याही शाखेची मुलं बसू शकतात, सलग दोनच वर्षं संधी असते, आणि चित्र काढावं लागतं. तिच्या लेखात मला चित्रकार दिसला नाही. ती काढत असेल तर कळवा.

खासगी टेक्नॉलॉजी विद्यापीठांबद्दल मात्र सावध राहा. माहितीपुस्तिकेत ‘कम्युनिकेशन’ छापलेलं असतं. जाऊन पाहिलं तर तो विभाग इंजिनिअरिंगच्या मुलांना मुलाखतीला कसं बोलायचं ते शिकवतो, त्याचे स्वतःचे विद्यार्थी जवळपास नसतात. याला संवादशास्त्र म्हणत नाहीत. प्रवेशाआधी एवढंच विचारा : मागच्या वर्षीच्या मुलांचे प्रबंध कशावर होते? आमच्या मुलीला कॉम्प्युटर किंवा डिझाइन विभागाचा विषय घेता येईल का? पहिल्याचं उत्तर देताना ते चाचपडले, किंवा दुसऱ्याला ‘नाही’ आलं, तर तिथं भारी फी भरण्यापेक्षा पुण्यात साधं बी. ए. करून पुढं रानडे इन्स्टिट्यूटला पत्रकारिता किंवा डेक्कन कॉलेजला भाषाशास्त्र करणं कितीतरी बरं.

तिला तिथं कोण विचारणार, ही तुमची भीती खोटी नाही. अशा संस्थेत हा विभाग लहान असतो. कॅम्पसवर येणाऱ्या बहुतेक कंपन्या बी. टेक.च्या मुलांसाठी येतात. वर्गात बसून नोट्स काढणाऱ्या मुलीला तिथं आणि इतर कुठंही सारखंच मिळेल. फायदा तिलाच होतो, जी समोरच्या इमारतीत जाऊन ‘तुमच्या प्रोजेक्टचा सर्व्हे मी करू का’ म्हणून विचारते आणि दोन वर्षांत दाखवण्यासारखं काम उभं करते. पुढं तिला सॉफ्टवेअर कंपन्यांत टेक्निकल रायटर किंवा यूएक्स रिसर्चर (वापरणाऱ्याला ॲप कसं वाटतं ते शोधणारा) म्हणून, धोरण आणि ग्रामविकासाचं काम करणाऱ्या संस्थांत, भाषातंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळांत जागा असते. सुरुवातीचा पगार शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवाल्या मुलीपेक्षा बहुतेक कमी असेल. हे घरात प्रवेश घेण्याआधीच बोलून घ्या, म्हणजे पुढं तिला टोमणे ऐकावे लागणार नाहीत.

बोर्डाच्या परीक्षेपर्यंत हा विषय घरात काढू नका. हैदराबादच्या ट्रिपल आयटीचं प्रवेशाचं पोर्टल मात्र तुम्ही स्वतः अधूनमधून उघडून पाहत जा, फॉर्मची मुदत तिच्या परीक्षेच्या गडबडीत निघून जायला नको. परीक्षा झाली की पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेचे प्राथमिक धडे तिला आठ-पंधरा दिवस करू द्या आणि हमालांच्या त्या तक्त्याचा प्रोग्राम लिहून बघायला सांगा. जेवायला हाक मारल्यावर ‘आले, एवढं झालं की’ म्हणाली तर हैदराबाद, आणि पहिल्या हाकेला उठून आली तर बी. ए. करून गेट. काय झालं ते मला जरूर लिहा.